चार्ज दिल्याशिवाय

तीन महिने जर्मनीत राहून आलो आणि त्यातले पाच आठवडे एका वीतभर उंचीच्या खुर्चीवर बसून काढले. भिलाईत, कोहक्याला परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, “काका, काय काय पाहिलं तिकडं?” त्याला राजवाडे, बर्फ, ऱ्हाइन नदी असं काहीतरी ऐकायचं असतं. नदी पाहिली. बर्फ मी पोहोचायच्या आधीच संपला होता. बाकी पाहिली ती एक बालवाडी. या वयात तिथं मला जे शिकावं लागलं ते तोंडानं सांगायची लाज वाटते, म्हणून लिहून काढतो आहे.

आधी आमची ओळख देतो. माझे वडील भंडाऱ्याकडची चार एकर भावावर सोपवून भिलाईला आले, तेव्हा प्लांट उभा राहत होता. मी त्याच प्लांटमधे ब्लास्ट फर्नेसवर चौतीस वर्षं काढली. मुलगी शीतल सेक्टर 10 च्या क्वार्टरमधे लहानाची मोठी झाली. रिटायर झालो, क्वार्टर सोडलं, कोहक्यात घर बांधलं. गेल्या हिवाळ्यात जावई निखिलला कंपनीनं जर्मनीत डुइसबुर्गला पाठवलं. शीतल आणि चार वर्षांचा विहानही गेले. तिथं शीतललाही चांगली नोकरी लागली, पण पहिले सहा महिने परीक्षेचे. सुट्ट्या फार झाल्या की ते लोक गोड बोलून घरी पाठवतात म्हणे. निखिल आठवड्याचे पाच दिवस बाहेरगावच्या साइटवर. मग विहानला सांभाळणार कोण? बायकोच्या, कुसुमच्या, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, तिला तिच्या बहिणीवर सोपवलं आणि मी विमानात बसलो.

व्हिसा नव्वद दिवसांचा. म्हणजे नव्वद दिवसांच्या आत विहान एखाद्या बालवाडीत एकटा राहायला लागला पाहिजे, नाहीतर शीतलची नोकरी गेली. एवढंच काम घेऊन मी गेलो होतो. मला वाटलं, यात काय मोठं.

नाव यादीत

आमच्या सेक्टर 10 मधे पोरगं ठेवायला जागा शोधावी लागत नसे. शेजारच्या साहू भाभीच्या अंगणात सोडायचं आणि “भाभी, देखना जरा” म्हणायचं, झालं. डुइसबुर्गला शीतलच्या इमारतीत आठ घरं. पहिल्या तीन आठवड्यांत मला त्यांतली दोन तोंडं दिसली. दोघांनीही अगदी आदरानं नमस्कार केला आणि दार लावून घेतलं.

शहराचं एक पोर्टल आहे, त्यावर शीतलनं अकरा बालवाड्यांत विहानचं नाव टाकलं होतं. उत्तरं इतक्या सभ्य भाषेत यायची की हा नकार आहे हे कळायलाच दोन मिनिटं लागायची. कायद्यानं प्रत्येक पोराला जागा मिळालीच पाहिजे, पण जागाच नाही तर कायदा तरी काय करील. शनिवारी आम्ही पायी फिरून फाटकं बघायचो. एका दुपारी शीतल लवकर सुटली तेव्हा एका बालवाडीच्या फाटकाशी तिथली मुख्य बाई भेटली. पायांत रबरी बूट, हातात फावडं, पोरांबरोबर चिखलात काम करून आलेली. तिनं विचारलं, जन्मल्यावर लगेच नाव टाकलं होतं का? शीतल म्हणाली, तेव्हा आम्ही भिलाईत होतो. बाई खरोखर हळहळली. पण जागा नव्हती.

परतताना मी म्हणालो, “मी बोलून पायतो ना एकांदीसोबत. तुझ्या मायनं खुरमीचा डबा देल्ला आहे, त्यातली थोडी घेऊन जातो.”

खुरमी म्हणजे आमच्या छत्तीसगढचं कणीक-गुळाचं तळलेलं गोड. घरी कोणीही आलं की पुढं करायचं.

“बाबा, इथं असं नाई चालत. ते लोक रिश्वत समजतील.”

“खुरमीची रिश्वत? कोणी आयकलं तं हासंल.”

शीतल हसली नाही. त्या आठवड्यात तिच्या साहेबानं दोनदा विचारलं होतं, मुलाचं काही जमलं का.

हातावरचे डाग

सकाळी शीतल कामावर गेली की मी विहानला घेऊन जवळच्या मैदानावर जायचो. तिथल्या बाकावर रोज एक म्हातारा नातीला घेऊन यायचा. आठवडाभर आम्ही एकमेकांकडे पाहून नुसती मान हलवली. एक दिवस ऊन पडलं, त्यानं बाह्या वर केल्या, आणि मला त्याच्या हातावर बारीक पांढरे ठिपके दिसले. ते ठिपके मी कुठंही ओळखीन. वितळलेल्या लोखंडाच्या ठिणग्यांचे डाग आहेत ते. मी काही न बोलता माझीही बाही वर केली आणि हात त्याच्या हाताशेजारी ठेवला.

युसुफ त्याचं नाव. तुर्कस्तानातून तरुणपणी आला आणि तिथल्या भट्टीवर तीस वर्षं राबला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला जर्मन येत नव्हतं, पण भट्टी, गरम लोखंड आणि रात्रपाळी यांच्यासाठी हात पुरतात. दुसऱ्या दिवशी तो आम्हाला एक बंद पडलेला कारखाना दाखवायला घेऊन गेला. त्याची आता बाग केली आहे. फर्नेस जागच्या जागी उभी, अंगावर वेल चढलेले. आम्ही जिथं जीव मुठीत धरून उभे राहायचो, बरोबर त्याच जागी एक बाई कुत्र्याला पाणी पाजत होती.  युसुफनं एका लोखंडी खांबाला हात लावला. विहानला मी सांगितलं, तुझे आबाजी असल्याच ठिकाणी काम करायचे. त्यानं सगळीकडे बघितलं आणि विचारलं, “आबाजी, झूला किधर था?”

त्याच युसुफनं खाणाखुणा करून सांगितलं की त्याच्या थोरल्या नातीच्या बालवाडीतलं एक कुटुंब दुसऱ्या गावी चाललं आहे. मी तिथल्या तिथं शीतलला फोन लावला. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाण्याआधी ती तिथं जाऊन उभी राहिली. बालवाडीवाल्यांनी आधी पोर्टल उघडलं, विहानचं नाव यादीत आहे का पाहिलं, आणि मगच हो म्हणाले. ओळख लागतेच शेवटी, मी म्हणालो. शीतलचं म्हणणं, नाव आधी टाकलेलं होतं म्हणून जागा मिळाली. लसीचे कागद भिलाईहून मागवण्यात आणखी दिवस गेले. विहान बालवाडीत पाय ठेवायला निघाला तेव्हा माझ्या तिकिटाला सहा आठवडे उरले होते.

छोटी खुर्ची

आपल्याकडे पोरगं पहिल्या दिवशी शाळेत नेतात, बाई त्याला ओढून आत घेतात, दार लागतं आणि आई बाहेर पदरानं डोळे पुसते. पोरगं दोन-चार दिवस भोकाड पसरतं, मग गप्प होतं. तिथं तसं नाही. घरचं एक माणूस पोरासोबत वर्गात येऊन बसतं, आठवडेच्या आठवडे. शीतलला सुट्टी नव्हती. म्हणून मी.

बाईंचं नाव बिर्गिट. पन्नाशीच्या, पायांत लोकरी मोजे, आवाज इतका हळू की पोरं आपोआप गप्प व्हायची. पहिल्या दिवशी शीतल तासभर आली आणि तिनं मला नियम समजावले. कोपऱ्यात बसायचं. पोराशी खेळायचं नाही, त्याला हाक मारायची नाही. तो आपल्याजवळ आला तर घ्यायचं. मग पुढच्या आठवड्यापासून दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास, मग तास. जाताना त्याला सांगून जायचं. रडला तरी सांगूनच जायचं. प्लांटमधे सेफ्टीचं लेक्चर ऐकताना मान हलवायची सवय आहे, तशी मी हलवली.

दाराशी प्रत्येक पोराची एक खुंटी, खुंटीवर एक चित्र. विहानच्या खुंटीवर काटेरी प्राणी होता, मी त्याला साळिंदराचं पिल्लू म्हणून सांगितलं. बाहेरचे जोडे काढून तिथं ठेवायचे आणि घरातल्या चपला घालायच्या. माझ्यासाठीही टोपलीत जाड लोकरी कापडाच्या चपला होत्या, टाच बाहेर राहायची. खुर्ची म्हणाल तर गुडघे कानाला लागायचे. दुसऱ्या दिवशी मी खुरमीचा डबा घेऊनच गेलो. बिर्गिटबाईंनी दोन्ही हातांनी घेतला आणि एक कागद पुढं केला, यात काय काय आहे ते लिहा. मी इंग्रजीत लिहिलं: कणीक, गूळ, तीळ. तीळ वाचून त्यांनी डबा उंच कपाटात ठेवला, एका पोराला तीळ चालत नव्हते. सुटी झाल्यावर मात्र सगळ्या बायांनी मिळून डबा रिकामा केला.

विहान चार दिवस माझ्या गुडघ्याला चिकटून होता. पाचव्या दिवशी ठोकळ्यांपर्यंत गेला. दुसऱ्या आठवड्यात मी त्याला सांगून दहा मिनिटं बाहेर पडलो, तेव्हा त्यानं असा टाहो फोडला की बाहेरच्या झाडाखालीही तो ऐकू येत होता. लोखंड वाहताना पाहिलेला माणूस मी, पण ते रडणं मला ऐकवेना.

म्हणून आठव्या दिवशी मी माझी अक्कल वापरली. बिर्गिटबाई एका पोराचं नाक पुसायला गेल्या होत्या. विहान ठोकळ्यांचा पूल बांधत होता, पाठ माझ्याकडे. मी हळूच उठलो, खुंटीवरचं जॅकेट घेतलं, जोडे हातात धरून दाराबाहेर गेलो आणि पायरीवर घातले. रडणं नाही, ओरडणं नाही. अर्धा तास नदीकाठी फिरलो. माल भरलेल्या होड्या चालल्या होत्या, ऊन छान होतं. मनात म्हटलं, बघा, जर्मन लोकांना एवढी साधी गोष्ट कळत नाही.

परत आलो तर विहान खुंटीखाली बसला होता. जोडे घातलेले, उलटे. रडत नव्हता. माझ्याजवळही आला नाही.  बिर्गिटबाई त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या होत्या. त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सायकल

त्या दिवसापासून विहाननं मला सोडलं नाही. घरात मी बाथरूममधे गेलो तर दाराबाहेर बसून राहायचा, कडी लावू द्यायचा नाही. बालवाडीत माझ्या शर्टचं टोक हातात धरून ठेवायचा. ठोकळे नाहीत, चिखल नाही. बिर्गिटबाईंनी शीतलला फोन करून सांगितलं, पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करावं लागेल. माझ्या तिकिटाला चार आठवडे राहिले होते.

संध्याकाळी शीतल पोळ्या लाटत होती, मी भाजत होतो. 

“बाबा, तुमी कावून असं केलं? सांगून जा म्हणून सांगतलं होतं ना.”

“तो रडून राहिला होता, मले नाई पाहवलं. अन् तुलेबी मी असाच सोडत होतो. तू तं कधी रडली नाई.”

तिनं लाटणं थांबवलं. “तुमी सायकल उचलून न्यायचे. स्टँडचा आवाज नाई झाला पायजे म्हणून.”

“तुले कसं माहीत? तू तं आत खेळत राहायची.”

“मी खेळत नव्हती, बाबा. मी आयकत होती. आवाज आला असता तं समजलं असतं, बाबा आता निघाले. आवाजच नाई, मंग माणूस कवाबी जाऊ शकते. तुमी घरी असले का मी संडासलेबी जात नव्हती.”

पोळी तव्यावर करपली. ती मीच खाल्ली.

खरं सांगतो, मला ते कसब वाटायचं. बी शिफ्टला दुपारी निघताना कुसुम तिला आत गोष्टीत गुंतवायची, मी व्हरांड्यातून सायकल दोन्ही हातांनी उचलून फाटकाबाहेर न्यायचो. मित्रांना फुशारकीनं सांगायचो, आमची पोरगी एकदाही रडत नाही. घरातून निघताना ‘येतो’ म्हणावं ही आपली रीत. कुसुमला म्हणायचो, शेजाऱ्यांना म्हणायचो, देवाला हात जोडून म्हणायचो. पोरीला कधी म्हटलं नाही.  त्या संध्याकाळी मी शीतलला फक्त विचारलं, आणखी एक पोळी टाकू का.

चार्ज

सकाळी बालवाडीकडे जाताना, विहाननं माझं बोट घट्ट धरलेलं, मला माझी कंट्रोल रूम आठवली. आमच्याकडे शिफ्ट संपली म्हणून कोणी उठून जात नाही. रिलीवर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, येतो, त्याला समोर उभं करून सगळं सांगायचं, कुठला पंप आवाज करतो आहे, कुठं लक्ष ठेवायचं, मग लॉगबुकात दोघांच्या सह्या. चार्ज दिला, चार्ज घेतला. त्याशिवाय पाय बाहेर टाकायचा नाही, रिलीवर तीन तास उशिरा आला तरी. एकदा त्यापायी माझ्या मेव्हण्याचं लग्न लागून गेलं. चौतीस वर्षांत मी भट्टीला एकदाही चार्ज दिल्याशिवाय सोडलं नाही. पोरीला रोज सोडलं.

वाटेत दुकानातून एक वही घेतली. बालवाडीत गेल्यावर शीतलला फोन लावून स्पीकरवर टाकला आणि बिर्गिटबाईंना सगळं समजावून सांगायला लावलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मग त्यांनी एक छोटी खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसल्या, अगदी रिलीवरसारख्या.

मी वहीत एक घड्याळ काढलं, काटे दहावर. विहानला मांडीवर घेतलं. “हे पाय. पोट्ट्यानं दूध पेलं आहे. जोड्याचा डावा पाय चावते, लक्ष ठेवा. हा काटा इथं आला का आबाजी येते. चार्ज देल्ला.” मी सही केली. बिर्गिटबाईंनी सही केली. विहाननं पेन्सिल घेऊन एक वाकडी रेघ ओढली. पहिले आठ दिवस मी ही सगळी सह्यांची कवायत नुसती सवय व्हावी म्हणून करायचो आणि पुन्हा कोपऱ्यात बसायचो, जायचो कुठंच नाही. मग पाच मिनिटं गेलो. तो रडला. मी सांगितलेल्या वेळेला दारात होतो. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं. एकदा रस्त्यात ट्राम अडली तेव्हा मी जॅकेट काखेत मारून पळत आलो, या वयात, कारण घड्याळ काढून दिलं होतं. युसुफनं मला पळताना पाहिलं आणि कुठं आग लागली म्हणून तोही मागं आला.

रडणं कमी होत गेलं. माझं तिकीट पाच दिवसांवर आलं तेव्हा विहाननं चिखलाच्या रबरी पॅंटमधे उभ्या उभ्या सही ठोकली आणि म्हणाला, “हो गया आबाजी, अब जाओ ना.” त्या दिवशी मी झाडाखाली एकटाच हसत उभा होतो. शीतलला लगेच फोन करून कळवलं. तिची नोकरी वाचली होती.

निघताना

विमान संध्याकाळचं होतं, पण विमानतळ लांब, दुपारच्या आधीच निघायचं होतं; विहानला बालवाडीतून आणायला निखिल साइटवरून येणार होता. सकाळी चहा घेताना शीतल म्हणाली, “बाबा, आज काही सांगू नका त्याले. रोजच्यासारखं सोडा अन् या. मी परत आली का समजावून सांगीन.”

“तू सांगून राहिली हे?”

तिनं मान खाली घातली. “मले त्याचं रडणं नाई पाहवत.”

“कोणालेच नाई पाहवत, बेटा. म्हणून तं मी सायकल उचलत होतो.”

बालवाडीत वही उघडली आणि घड्याळ काढलं नाही. विहानला सांगितलं, “आज आबाजी येणार नाई. आबाजी विमानात बसून भिलाईले जाते. बारा वाजता पप्पा येईल.” त्यानं आधी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पेन्सिल भिरकावली. सगळी बालवाडी गोळा होईल असा रडला. बिर्गिटबाईंनी सही केली. मी केली. त्याची राहिली. मी छोट्या खुर्चीवर बसून राहिलो. कोणी घाई केली नाही. बऱ्याच वेळानं हुंदके देत त्यानं पेन्सिल शोधून आणली आणि इतक्या जोरात रेघ ओढली की कागद फाटला. मग बिर्गिटबाईंच्या कुशीत तोंड घातलं. मी उठलो, त्याच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणालो, “येतो, बेटा,” आणि निघालो.

विमानतळावर शीतल सोबत होती. रांगेशी पोहोचलो तोच तिला ऑफिसचा फोन आला आणि ती पाठ करून बोलू लागली. रांग सरकत होती. माझी बॅग हलकी, चाकांची, आवाज न करणारी. पायांना जुनी सवय असते, दोन पावलं पुढं टाकलीही गेली. मग मी रांगेतून बाहेर आलो, वळसा घालून तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तिचं बोलणं संपेपर्यंत थांबलो.

“शीतल, मी जाऊन राहिलो. येतो.”

पस्तीस वर्षांची माझी पोरगी, हातात ऑफिसचा फोन. तिनं तो पर्समधे टाकला. मग म्हणाली, “किती वाजता?”

हसावं म्हणून म्हणाली असेल, पण डोळे भरले होते. माझेही. मी म्हणालो, “पुढच्या वर्षी, थंडी संपली का. तुझ्या मायचा गुडघा चालला तं तिलेबी घेऊन येतो.”

“बरं,” ती म्हणाली.

तिनं बरं म्हटलं तेव्हाच मी पाय उचलला.